नाश्त्याला उपाशी जाणारा माणूस

शनिवारी सकाळी नऊ वाजून गेले होते. रबराचं प्रेस तापायला लावून मी कारखान्याच्या ऑफिसात येऊन बसले आणि फोन वाजला. असोसिएशनच्या मुळे मॅडम. महिन्यातून एका शनिवारी जालना रोडवरच्या एका हॉटेलात लहानमोठ्या कारखानदारांसाठी नाश्ता आणि भाषण असतं, ते या बाई जमवतात. माझा मोठा भाऊ, दादा, आमच्या युनिटतर्फे तिथं जायचा आणि मुळे मॅडमचा फोन यायचा तो त्याची तक्रार करायलाच. म्हणून मी नमस्कारही न करता म्हटलं, "आता काय विचारलं त्यानं?" पलीकडून नुसता हॉलमधला गलका ऐकू आला... मग त्या म्हणाल्या, "काही विचारलं नाही, मॅडम. विचारायला उभे राहिले, आणि..." पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. दादालाही त्याचं पूर्ण करता आलं नव्हतं.

मी पोचले तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. दादा शनिवार धरायचा, दिवसभर उपाशी असायचा, म्हणून मी त्यांना दोनदा विचारलं की उपासानं झालं का हे? संबंध नाही, म्हणाले. मग मी दुसऱ्या डॉक्टरांना गाठून तेच विचारलं. एका माणसाच्या सांगण्यावर मी कधी माल घेत नाही आणि बातमीही घेत नाही.

त्याला आता दीड महिना होऊन गेला. तेराव्याला आलेला जो तो म्हणत होता, फार सरळ माणूस होता हो. मी वहिनीशेजारी बसून ऐकत होते आणि काहीच बोलत नव्हते. कारण त्या शनिवारच्या आधीच्या गुरुवारी, संध्याकाळी सुट्टीच्या वेळेला, अकरा बायकांसमोर मी या सरळ माणसाची पिशवी तपासली होती. ती आमची शेवटची भेट. असं का झालं, ते सांगायचं तर थोडं मागून सांगावं लागेल.

आम्ही पिशोरचे. घरची शेती. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, आयटीआय करायला शहरात आला आणि एका मोठ्या कंपनीत मालाची तपासणी करणाऱ्या खात्यात चिकटला. त्याच्या मागून मी कॉलेजला आले, पुंडलिकनगरातल्या त्याच्या दोन खोल्यांत राहून शिकले. पुढं माझं लग्न झालं, मी आणि नवऱ्यानं मिळून रबराचे सुटे भाग बनवायचं छोटं युनिट टाकलं. नवरा विक्रीच्या कामानं सतत फिरतीवर, युनिट मी बघते. दादा निवृत्त झाल्यावर घरात बसून वहिनीला डबे कसे लावावेत ते शिकवायला लागला, तेव्हा वहिनीच मला म्हणाली, "मंदा, यांना घेऊन जा बाई. नाहीतर एक दिवस मीच माहेरी जाईन." मी त्याला चेकिंगच्या टेबलावर बसवलं.

हे टेबल म्हणजे आमच्या धंद्याचा जीव. आम्ही गाड्यांच्या इंजिनात बसणारी सीलं करतो. सील म्हणजे रबराचं कडं, तेल बाहेर येऊ न देणारं. त्याच्या आतल्या पातळ कडेवर केसाएवढी जरी चीर असली तरी तेल झिरपतं. ती चीर डोळ्यांना दिसतेच असं नाही. दादानं बायकांना शिकवलं की उजव्या अंगठ्याचं नख कडेवरून गोल फिरवायचं. नख अडलं की सील नापास. त्या नखाला रंग लावायचा नाही, रंगाच्या थरानं बारीक अडखळा कळत नाही. त्यामुळं लग्नसराईत आमच्याकडच्या बायका नऊ नखं रंगवून यायच्या आणि दहावं कोरं. कांताबाई सगळ्यांत जुनी, तिच्या मुलीच्या लग्नात विहीणबाईंनी विचारलं म्हणे, "एका नखाला काय झालं हो?" तर ही म्हणाली, "त्ये नोकरीला हाय."

गेल्या वर्षी आमच्या मोठ्या गिऱ्हाइकानं सांगून ठेवलं की यापुढं माणसांनी तपासलेला माल आम्हाला चालणार नाही, कॅमेऱ्याचं मशीन बसवायचा विचार करा. मशीनचा रंगीत माहितीकागदही त्यांनीच दिला. तो मी माझ्या टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवला. मशीन आलं तर टेबल जाणार आणि टेबल गेलं तर अकरा बायका घरी जाणार, एवढं मला कळत होतं. मशीन आलं नाही तर गिऱ्हाईक जाणार आणि मग आम्ही सगळेच घरी. मी दादाला काही बोलले नाही. त्याला सांगितलं असतं तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत टेबलाला कळलं असतं, आणि जिचं काम जाणार आहे तिच्याकडून नखभर चीर कोण शोधून घेणार?

नाश्त्याच्या भाषणांचं आमंत्रण युनिटच्या नावानं यायचं, एका युनिटला एकच पास. आमच्या भागात कारखान्यांना सुट्टी शुक्रवारी, म्हणजे शनिवार हा आठवड्याचा पहिला दिवस. त्या दिवशी सकाळी मला मान वर करायला फुरसत नसते. मी एकदाच गेले होते. गोल टेबलं, पांढऱ्या चादरी, इडली, उपमा, कापलेली पपई आणि पुण्याहून किंवा बंगळूरूहून आलेला एखादा मोठा माणूस. कधी कुठल्या कंपनीचा संस्थापक, कधी तंत्रज्ञानातला कुणीतरी. सगळ्यांचं सांगणं फिरून फिरून एकच, बदला नाहीतर संपाल. आणि बदलायला काय लागतं ते नेमकं त्यांच्याकडंच विकत मिळायचं. घरी येऊन मी दादाला म्हटलं, "इडली फुकट असली की समजावं, गिऱ्हाईक आपण आहोत." तो म्हणाला, "मंग पुढच्या येळंला मी जातो. मला शनिवार हाय. मी खाणार नाय, म्हंजी त्यांना मला काय विकता यायचं नाय."

असा तो जायला लागला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात आमच्या युनिटच्या नावाचं कार्ड. भाषण संपलं की पहिला हात त्याचा. "एक शंका हाय." एक पाहुणे तासभर सांगत होते की त्यांनी चांगली नोकरी सोडून गॅरेजात कंपनी कशी सुरू केली, धोका पत्करायला शिका. दादा उभा राहिला, "साहेब, त्ये गॅरेज कोणाचं व्हतं?" पाहुणे म्हणाले, वडिलांचं. "बस, येवढीच शंका," म्हणून दादा खाली बसला. दुसऱ्या एका बाई म्हणाल्या, अपयश साजरं करा. दादानं विचारलं, "मॅडम, तुमी तव्हाच साजरं केलतं, का यश आल्यावर मागून?" हॉल हसायचा. मुळे मॅडम हसायच्या नाहीत. त्यांनी मला फोन केला की तुमच्या सरांना सांगा, निदान शंका म्हणू नका, प्रश्न म्हणा, पाहुण्यांना वाटतं आपल्यावर संशय घेतायत. मी निरोप दिला. दादा म्हणाला, "प्रश्न परीक्षेत असतो मंदे. मला खरंच शंका असती." आणि वर म्हणाला, "तुझ्यावानी पोटात ठेवत नाय, उभं राहून इचारतो. फरक येवढाच."

हे तो हसून म्हणाला होता, पण मला ते लागलं... आणि खरं सांगायचं तर त्याच सुमारास माझ्या पोटात एक शंका बसलेलीच होती. हा माणूस तिथं जातो कशाला? खायला म्हणावं तर उपाशी. ओळखी काढायला म्हणावं तर तो विचारतो ते ऐकून लोक ओळख विसरतील. वहिनीलाही ते पटत नव्हतं. "घरी उपास असला की माझ्यावर खेकसतात, आणि तिथं दुसऱ्याची इडली बघत तीन तास बसतात. मला काही हे खरं वाटत नाही," असं ती म्हणायची. पूर्वी तो दोन महिन्यांतून एकदा जायचा, आता एकही चुकवेना. आणि एक दिवस मी स्टोअरमधून येताना तो जिन्याखाली फोनवर बोलताना ऐकलं, "सॅम्पल घेऊन येतो शनवारी. ताईला कळू द्यायचं नाय."

ताई म्हणजे मी. टेबलावर मला सगळे ताई म्हणतात, आणि बाहेरच्यांशी बोलताना तोही म्हणायचा.

मी काही विचारलं नाही. नापास मालाची पेटी बघायला लागले. आमच्याकडं नियम आहे की नापास सील त्याच दिवशी कात्रीनं मधोमध कापायचं. कारण अशी सीलं बाजारात जातात, चकचकीत पाकिटात भरून सुट्या भागांच्या दुकानात खऱ्याच्या शेजारी बसतात, आणि ज्याच्या गाडीचं इंजिन बसतं तो नाव आमचं घेतो. हा नियम दादानंच घातला होता. आता मी बघत होते तर टेबलावर नापास धरलेले नग आणि पेटीतले कापलेले तुकडे जुळत नव्हते. दर महिन्याला, त्या शनिवारच्या आधी, पाचसात सीलं कमी. मी तीन महिने गप्प राहून बघितलं. दर वेळी तेच.

ज्याच्या दोन खोल्यांत राहून मी शिकले, तो माझ्या नापास मालाचा बाहेर व्यापार करतोय, असं मला वाटलं. वाटलं म्हणजे काय, खात्रीच झाली. आणि तरी मी त्याला बाजूला घेऊन विचारलं नाही. आपण पकडावं, असंच माझ्या मनात होतं. त्या गुरुवारी संध्याकाळी मी दारात उभी राहिले आणि म्हटलं, "आजपासून जाताना सगळ्यांच्या पिशव्या बघायच्या." बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. दादा सगळ्यांत पुढं होता. तो म्हणाला, "कामून? काय गेलं काय?" मी म्हटलं, "गेलं की नाही, तेच बघायचंय." त्यानं पिशवी माझ्या हातात दिली. रिकामा डबा, रुमाल, चष्म्याचं घर, शनिवारचा पास. बाकी काही नाही. मी पिशवी परत दिली. तो म्हणाला, "झालं समाधान?" मी म्हटलं, "पुढच्यांना येऊ दे." त्याच्यामागून अकरा जणी एकेक करून पिशव्या उघडत गेल्या. कुणाकडंच काही सापडलं नाही. दादा तोवर फाटकाबाहेर त्याची स्कूटर पुसत उभा होता, बायका रिक्षात बसेपर्यंत थांबला आणि माझ्याकडं न बघता गेला. शुक्रवारी सुट्टी. शनिवारी मुळे मॅडमचा फोन.

तेरावा झाल्यावर मी मुळे मॅडमना भेटायला गेले. मला एवढंच हवं होतं की तो काय विचारणार होता. त्या म्हणाल्या, त्या दिवशी पाहुणे होते कॅमेऱ्याचं मशीन करणाऱ्या कंपनीचे प्रमुख. कंपनीचं नाव त्यांनी सांगितलं आणि माझ्या काचेखालचा कागद माझ्या डोळ्यासमोर आला. तीच कंपनी. "भाषण संपलं, सरांचा हात वर होता," मुळे मॅडम म्हणाल्या. "खरं सांगू का... मी बघितला होता तो हात. मी मुद्दाम माइक घेऊन दुसऱ्या टेबलाकडं गेले. मोठे पाहुणे, म्हटलं आज नको. तर ते माइकशिवायच उभे राहिले. एक शंका हाय, म्हणाले, टेबलावर हात टेकला..." त्या रडायला लागल्या. मला त्यांची समजूत घालायला हवी होती, पण मी विचारलं, "त्या कंपनीचं कुणी दादाच्या ओळखीचं होतं का?" त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, होते की. कंपनीचे इथले इंजिनिअर सोनवणे. दर वेळी दोघं शेजारी बसायचे.

मी गाडीत बसून हिशेब जुळवला आणि पहिल्यापेक्षा वाईट निघाला. म्हणजे सीलं बाजारात जात नव्हती, मशीनवाल्यांकडं जात होती. म्हणजे दादाच मशीन आणत होता, टेबल उठवून. आणि मी मूर्खासारखी त्याच्यापासून कागद लपवत होते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी टेबलापाशी गेले. डबे उघडे होते. मी सरळ विचारलं, "दादा त्या दिवशी हॉटेलात काय विचारणार होता, कुणाला काही बोलला होता का?" मग कांताबाई भाकरी ठेवून म्हणाली, "बोलला होता का काय इचारता? आमाला पाठ हाय की त्ये."

"पाठ?"

"आवो, महिनाभर रोज तालीम चालली व्हती हितं. ह्यो गिलास धरायचे माइक म्हणून. मुळेबाई अर्धं मिन्ट देती ना, तर मी घड्याळ बघायची. पयल्यांदा केलं तर पाच मिन्टं झाली. पिशोरच्या बाजारात बैलाचे दात बघणारा कोण म्हातारा, तिथून सुरुवात. मी म्हटलं, आवो दादा, बैल हाटेलात कशाला नेता? बैल काढा आधी." टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून कुणीतरी म्हणालं, "म्हातारा बी काढला मंग." आणि सगळ्या हसल्या. मीच तेवढी उभी होते.

मग त्यांनी म्हणून दाखवलं. अकरा जणींनी, एका आवाजात, शाळेत कविता म्हणतात तसं. "साहेब, तुमचा कॅमेरा चांगला हाय, मी त्याला सहा डाव सीलं दाखवली. पयल्या डावाला त्याचं लई चुकलं, आता थोडं चुकतं. सुधारला कामून, तर दर डावाला आमच्या टेबलावरच्या बायांनी त्याला सांगितलं, ह्ये चांगलं, ह्ये वाईट. एक शंका हाय. त्यांचं नख घेताय, तर हात बी कामाला घेणार का? सगळ्यांसमोर सांगा." शेवटी "सगळ्यांसमोर" की "समद्यांसमोर" यावरून दोघींचं थोडं वाजलं. दादानं समद्या म्हटलेलं कापून सगळ्या केलं होतं म्हणे, हॉटेल आहे म्हणून.

मी म्हटलं, "आणि सीलं? गुरुवारी मी पिशव्या बघितल्या, तेव्हा..."

"माझ्या डब्यात व्हती," कांताबाई म्हणाली. "भाजीच्या. तुमी पिशवी बघितली, डबा कुठं उघडला? घरी धुवून शुक्रवारी त्यांच्या घरी नेऊन दिली. लई मसाला लागला व्हता, इंजिनाला बी खोकला आला असता."

"पण माझ्यापासून कशाला लपवायचं?" मी विचारलं. आता हसणं थांबलं. कांताबाईनं माझ्याकडं बघितलं. ती मला वीस वर्षं ओळखते. "ताई, तुमच्या काचेखाली मशीनचा कागद हाय. दिवाळीच्या आधीपासून हाय. चहाचा कप मी त्याच्यावरच ठेवते रोज. आमाला इंग्रजी येत नाय, पण फोटूत टेबलावर एक बी बाई नाय ह्ये दिसतंय. आमीच जाऊन दादाला सांगितलं. त्यांना कुठं ठाऊक व्हतं? दोन दिवस बोलले नायत. मंग म्हणले, मंदाला मी इचारणार नाय. तिला सांगायचं तव्हा ती सांगंल. तवर आपण मशीन तर बघू."

म्हणजे मी तीन महिने त्याच्यावर पाळत ठेवत होते, आणि तो वर्षभर मी सांगेन म्हणून थांबला होता. जिन्याखालचा फोन, कमी भरणारी पेटी, उपाशीपोटी नाश्ता, सगळ्याचा अर्थ मी लावला होता. खरा तेवढा सोडून. आणि तोही काही कमी नव्हता, हे मी इथं लिहिणार, कारण मेलेल्या माणसाचं सगळंच गोड असतं असं मला वाटत नाही. एकदा माझ्या समोर बसून म्हणाला असता, मंदे, कागद कसला आहे, तर काय बिघडलं असतं? बंगळूरूच्या माणसाला भर सभेत विचारायची तयारी महिनाभर केली, आणि बहिणीला विचारायला जीभ उचलली नाही. दोघांनीही... असो. मी म्हटलं, "सुट्टी संपली," आणि ऑफिसात येऊन काचेखालचा कागद काढला. त्यावर कपाच्या बुडाची गोल गोल वर्तुळं उमटली होती. मला ती कधी दिसली नव्हती.

सोनवणेंना मी बोलावून घेतलं. पन्नाशीचा, सावकाश बोलणारा माणूस. मी त्यांच्यावरही विश्वास ठेवून बसले नव्हते. त्यांनी पिशवीतून ट्रे काढला, दादानं शेवटच्या शनिवारी भाषणाआधी दिलेला. वीस सीलं, काही पास, काही नापास. कॅमेऱ्यानं एक चुकवलं होतं, टेबलानं एकही नाही. "पण मॅडम, पुढच्या खेपेला तोही चुकवणार नाही," सोनवणे म्हणाले. "सरांना हे माहीत होतं. ते म्हणायचे, माझ्या बाया जिंकतायत म्हणून मी खूश नाय, त्या शिकवतायत आणि कुणाला ठाऊक नाय, म्हणून मला घोर हाय." मग त्यांनी एक फॉर्म पुढं केला. मशीन महिनाभर आमच्याकडं ठेवून बघण्याचा. दादानं शनिवारी सकाळी तिथंच, इडलीच्या टेबलावर बसून तो भरायला घेतला होता. युनिटचं नाव, पत्ता, मालाचा प्रकार, सगळं त्याच्या ठसठशीत अक्षरात. खाली एक रकाना होता, माल पास की नापास, अंतिम निर्णय कोणाचा. मालकाचं नाव तिथं लिहितात, सोनवणे म्हणाले. दादानं लिहिलं होतं, "विचारून सांगतो."

कुणाला विचारून, ते लिहिलेलं नाही. मी म्हणत नाही की मलाच.

मी सोनवणेंना सांगितलं की मशीन ठेवा, पण त्याला शिकवण्याचं काम या टेबलावर, या बायकांच्या नावावर होईल, आणि दादा जे विचारणार होता त्याचं उत्तर तुमच्या साहेबांनी कागदावर द्यायचं. साहेबांचं उत्तर अजून आलेलं नाही. येईल, असं सोनवणे म्हणतात. मी दर दोन दिवसांनी विचारते.

मागच्या शनिवारी चहाच्या वेळेला कांताबाईनं मला टेबलावर बोलावलं. दादाच्या खुर्चीत बसवलं, आणि समोर उभं राहून म्हणाली, "ताई, कॅमेरा शिकून झाला की आमी कुठं बसायचं?" हातात ग्लास नव्हता, तालीमही केलेली नव्हती. मी म्हटलं, "वर्षभर इथंच. त्याच्यापुढचं मला ठाऊक नाही. कळलं की सगळ्यांत आधी तुम्हाला सांगेन." मग ती म्हणाली, "ह्ये खरं वाटतंय. म्हणून भ्या वाटतंय." आणि सोनवणेंनी मागं ठेवलेला दादाचा तो वीस सीलांचा ट्रे माझ्यापुढं सरकवला. "निवडा." मी निवडली. नख फिरवून, डोळे मिटून, उजेडात धरून. वीसपैकी माझी सात चुकली. ज्या युनिटची मी मालकीण आहे, तिथला माल मला ओळखता येत नाही.

मग मी तो फॉर्म टेबलावर ठेवला आणि त्या रकान्यात त्यांची नावं लिहायला सांगितलं. रकाना एका ओळीचा, त्यामुळं "विचारून सांगतो"च्या खाली, समासात, मिळेल तिथं दहा जणींनी आपापली नावं लिहिली. फॉर्म न्यायला आलेले सोनवणे म्हणाले, "मॅडम, खाडाखोड झाली, नवा फॉर्म देतो." मी म्हटलं, हाच न्यायचा. शेवटी कांताबाई आली. तिला सही चांगली येते, दर महिन्याला माझ्यासमोर करते. पण तिनं पेन घेतलं नाही, शाईचं पॅड मागितलं. मी म्हटलं, "अगं, सही कर ना." ती म्हणाली, "निवाडा ह्यो करतो, तर सही बी ह्योच करंल," आणि दादाच्या अक्षराखाली तिनं उजवा अंगठा दाबला, असा जोर देऊन की वरच्या कडेला नखाची बारीक कोर कागदात रुतून बसली.